पाचवं मॅगझिन

ड्वार्ते बोर्बावर माझा संशय जानेवारीपासूनच होता, असं आज म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे जानेवारीत मला फक्त वाईट वाटलं होतं. संशय फेब्रुवारीत आला, आणि एकदा आल्यावर त्याने मागे जाऊन जानेवारीतही जागा पकडली.

आमच्या क्लबात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी लोखंडी पाट्यांवर नेमबाजी होते. एका खेळात पाच पाट्या असतात. घड्याळाची शिटी वाजली की पाचही गोळ्या मारून वाजवायच्या, शेवटची लाल पाटी वाजली की वेळ थांबते. प्रत्येक खेळ पाचदा मारायचा. त्यातली सगळ्यात वाईट वेळ सोडून देतात आणि उरलेल्या चारांची बेरीज धरतात. दिवसाचे असे चार खेळ. आमच्या राज्यात पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत खालून बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीत, दहाच्या वर गोळ्या चालत नाहीत, म्हणून कारखानेवाले सतरा गोळ्यांच्या लांब मॅगझिनमध्ये तळाशी ठोकळा घालून ते दहावर आणतात आणि आम्हाला विकतात. लांब मॅगझिन हातात नीट बसतं, बदलताना सटकन खाली पडतं. पण ठोकळ्याचा भरवसा नसतो, स्प्रिंगचा नसतो, वरची गोळी धरून ठेवणाऱ्या तोंडाच्या ओठांचा तर नसतोच. त्यामुळे आमच्यात माणूस नेमबाज कसा आहे यापेक्षा त्याची मॅगझिनं कशी आहेत यावर जास्त बोलणं होतं.

माझ्याकडे सहा होती. तळाच्या झाकणांवर मी पांढऱ्या रंगाने एक ते सहा आकडे घातले होते. पस्तीस वर्षं शाळेच्या वाचनालयात काढलेल्या माणसाला आकडे घातल्याशिवाय चैन पडत नाही. जानेवारीत तीन नंबर दोनदा अडकलं. मी घरी गेलो, सहाही उघडून धुतली, पुसून परत जोडली आणि तीन नंबर खणात टाकून दिलं. विषय संपला असं वाटलं.

फेब्रुवारीत पाच नंबर अडकलं. या पाच नंबरने आठशे गोळ्यांत एकदाही दगा दिला नव्हता. सरावातही सुरळीत चाललं होतं. मग सामन्यातच का?

आमच्याकडे रीत अशी की एकजण मारत असताना खाली पडलेली त्याची मॅगझिनं दुसऱ्याने खडीतून उचलून द्यायची. माझी नेहमी ड्वार्ते उचलायचा. वाकताना त्याचे गुडघे कडकड वाजायचे, तरी तोच उचलायचा. त्याचं पिस्तूल माझ्यासारखंच, मॅगझिनंही तीच. आणि मार्चच्या सामन्यानंतर राज्याच्या स्पर्धेसाठी चौघांचा संघ ठरणार होता. तिघे ठरलेलेच होते. चौथी जागा माझी किंवा ड्वार्तेची.

मी एकाहत्तर वर्षांचा आहे. आयुष्यात कुठल्याच संघात मला कुणी घेतलं नाही. शाळेत बेसबॉलच्या वेळी दोन्ही कप्तान माझ्यावर येऊन थांबायचे आणि मग मी धावा लिहायला बसायचो. ही जागा मला किती हवी होती ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीनंतर मी ड्वार्तेचे हात बघू लागलो. गाईंची धार काढून काढून रुंद झालेले हात. त्या तळव्यात एक मॅगझिन सहज लपेल आणि त्याच्या जागी त्याचं एखादं बिघडलेलं येईल. मी पुन्हा सगळी धुतली, पाच नंबरही खणात टाकलं आणि नवं एक विकत आणलं. आता एक, दोन, चार, सहा आणि नवं सात. पाच वेळा मारायला पाच मॅगझिनं.

मार्चच्या रविवारी कालव्यापलीकडच्या बदामाच्या बागा फुलून गेल्या होत्या आणि सगळ्यांना शिंका येत होत्या. ड्वार्ते शेगडीवर लिंग्विसा भाजत होता. पावात तिखट सॉसेज घालून त्याने पहिला माझ्यापुढे धरला.

"खा, मास्तर. रिकाम्या पोटी नेम लागत नाही."

"नंतर खातो."

"नंतर मी ठेवीन होय! आत्ता खा. हरायचं तर भरल्या पोटी हर."

लोक हसले. मी पाव हातात धरून राहिलो. एरवी मीही हसलो असतो.

पहिल्या खेळात एक नंबर अडकलं. दुसऱ्यात पुन्हा एक नंबर. एक वेळ सोडून देतात, त्यामुळे एकदा अडकलं तर ते माफ असतं. पण मग उरलेल्या चार वेळांत एकही चूक चालत नाही. त्या धास्तीनेच माझा हात जड झाला. तिसऱ्या खेळात एक नंबर मी सगळ्यात शेवटी ठेवलं. तेव्हाही गोळी तिरकी उभी राहिली आणि पिस्तूल जबडा उघडा टाकून थांबलं. तीन खेळ झाले तेव्हा ड्वार्ते माझ्यापुढे एक सेकंद आणि चार दशांश होता.

मागे वळलो तर तो खडीतून माझी मॅगझिनं गोळा करत होता.

"हात लावू नकोस," मी म्हणालो.

"काय?"

"माझ्या मॅगझिनांना हात लावू नकोस."

तो अर्धवट वाकलेला तसाच राहिला. मग त्याने हातातली मॅगझिनं हळूच परत खडीवर ठेवली. अंडी ठेवावीत तशी.

मी लोरेनाकडे गेलो आणि ड्वार्ते माझी मॅगझिनं बदलतो असं सांगितलं. सामने तीच चालवते. ती ड्वार्तेची भाची, पण तिच्याशिवाय जाणार कुठे? शाळेत असताना ती माझ्याकडे पुस्तकं न्यायला यायची, म्हणून अजून मला सर म्हणते.

"सर, तुम्ही काय म्हणताय ते कळतंय ना तुम्हाला?"

"मला फक्त बघायचंय."

"नुसतं बघणं नसतं. तक्रार केलीत तर दोघांचीही मॅगझिनं टेबलावर उघडणार. सगळ्यांसमोर. नियम आहे."

मला तेव्हा परत फिरता आलं असतं. मी भित्रा माणूस आहे, आयुष्यभर परतच फिरत आलो. नेमका त्या दिवशी फिरलो नाही.

टेबलाभोवती दहाबारा जण जमले. लोरेनाने आधी ड्वार्तेची उघडली. त्याने मॅगझिनांच्या अंगावरच खिळ्याने आकडे ओरबाडले होते, वाकडेतिकडे. झाकण काढलं तरी आकडा अंगावर राहणारच. सहाही त्याचीच होती.

"झालं समाधान?" तो कुणाकडे न बघता म्हणाला.

मग माझी. लोरेनाने एक नंबर उजेडात धरलं आणि तोंडाच्या ओठावरून अंगठा फिरवला.

"हा ओठ बाहेर वाकलाय. आणि इथे बघा, पांढरा ओरखडा. हे सिमेंटवर पडलंय कधीतरी."

"एक नंबर कधीच पडलं नाही," मी म्हणालो. "जानेवारीत शेडच्या कट्ट्यावर पडलं ते तीन नंबर. ते घरी खणात आहे."

"आकडा कुठे घालता तुम्ही?"

"झाकणावर."

"आणि धुताना झाकणं काढता? सगळ्यांची एकदम?"

डोळ्यांपुढे आमच्या स्वयंपाकघरातलं घमेलं आलं, टॉवेलवर वाळत घातलेली सहा अंगं आणि बाजूला सहा झाकणं. हाताला येईल ते झाकण हाताला येईल त्या अंगावर. वाकडं मॅगझिन कधी पाच नंबरचं झाकण घालून बसलं, कधी एक नंबरचं. मी प्रत्येक वेळी आकडा बघून चांगलं मॅगझिन खणात टाकलं होतं आणि वाईट कमरेच्या पट्ट्यात. पुस्तकांची वेष्टनं कुणी अशी अदलाबदल केली असती तर मी त्याला वाचनालयात पाऊल ठेवू दिलं नसतं.

"पण सरावात कसं चाललं?" कुणीतरी विचारलं.

"सरावात किती भरता, सर?"

"पाच. अंगठा दुखतो."

"इथे पुऱ्या दहा भरता. पुऱ्या दाबाखाली हा ओठ गोळी धरत नाही."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"ड्वार्ते," मी म्हणालो, "माझं चुकलं."

"माझी पाळी आहे," तो म्हणाला आणि पिस्तुलाची पेटी घेऊन चालू लागला.

चौथ्या खेळात ड्वार्ते माझ्याआधी होता. इतक्या वर्षांत मी त्याला इतकं वाईट मारताना पाहिलं नाही. पहिल्यांदा दोन पाट्या हुकल्या. दुसऱ्यांदा लाल पाटी आधीच वाजवली, ज्याने वेळ थांबते आणि राहिलेल्या पाटीचा दंड बसतो. ही नवशिक्याची चूक. त्याची मान लाल झाली होती. मी बाकावर बसून हिशोब करत होतो आणि तो माझ्या बाजूने झुकत होता. लाज वाटत असतानाही माणूस बेरीज करू शकतो हे मला माहीत नव्हतं.

माझं नाव पुकारलं तेव्हा पट्ट्यात चारच मॅगझिनं होती. लोरेना म्हणाली की मारून झालेलं एखादं परत भरा, थांबू आम्ही. मी एक भरायला घेतलं. पहिलीच गोळी खडीत पडली.

समोरून एक मॅगझिन टेबलावर येऊन आदळलं. भरलेलं.

"घे," ड्वार्ते म्हणाला. "नाहीतर संध्याकाळ होईल."

मी ते उचललं. आणि पुढे जे केलं ते कसं झालं मला सांगता येत नाही. त्याचा हेतू आता स्वच्छ आहे हे मला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. तरी माझ्या हातांनी ते मॅगझिन उलटं केलं आणि मी पाठीवरच्या भोकांतून गोळ्या मोजल्या. दहा होत्या. ओठावरून अंगठा फिरवला. सरळ होता. वर पाहिलं तर ड्वार्ते माझ्याकडेच बघत होता.

मी पाचही वेळा स्वच्छ मारलं. त्याचं मॅगझिन सगळ्यात शेवटी लावलं आणि तीच माझी दिवसातली सगळ्यात चांगली वेळ ठरली. लोरेनाने बेरीज केली, दुसऱ्यांदा केली, मग फळ्यावर चौथ्या जागी माझं नाव लिहिलं. सात दशांश सेकंदांनी. दोघातिघांनी माझ्या पाठीवर थाप मारली, पण हलकेच, आजारी माणसाला मारतात तशी.

"लोरेना," मी हळूच म्हणालो, "त्याला घेतलंस तर..."

"मामा येणार नाही, सर. आणि मी विचारणारही नाही. तुम्ही जिंकलात, तुम्ही जा."

ड्वार्ते शेगडीतले निखारे विझवत होता. मी त्याच्यापुढे मॅगझिन धरलं.

"तुझं मॅगझिन."

त्याने हात पुसले आणि ते घेतलं. वीस वर्षांत माझ्याकडून परत आलेली कुठलीही वस्तू त्याने न बघता खिशात टाकली होती. या वेळी त्याने ते उलटं केलं, खिळ्याने ओरबाडलेला आकडा वाचला, झाकण ओढून पाहिलं, ओठावरून सावकाश अंगठा फिरवला. मग पुन्हा एकदा फिरवला.

"ठीक आहे," तो म्हणाला आणि ते इतर मॅगझिनांत न ठेवता वेगळ्या खिशात टाकलं.