अवरक्त

पुण्याला पीएचडी करायला गेलेली अंजली पहिल्यांदा सुट्टीला आली, तेव्हा तिच्या वडिलांनी, आबांनी विचारलं होतं, "काम कशावर?" ती म्हणाली, "अवरक्त किरणांवर." ज्ञानदेवआबांच्या कानात त्यातलं रक्त तेवढं राहिलं. साऱ्या कळस गावात सांगून झालं, आमची पोर उजेड टाकून माणसाचं रगत वाचती. तिच्या आईनं, ताईबाईंनी तर शेंगा फोडता फोडता ओवीच जुळवली:

लेक माझी शिकलेली, रगतात बघती गं,
आंधारल्या घरामंदी दिवा होऊन जगती गं.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात आबा पांढुरके पडत चालले. हिरड्यांतून रक्त यायचं, मांडीवर निळे डाग उठायचे. बारामतीचे डॉक्टर म्हणाले, पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात जा, लगेच. आबा हसले. "पुण्याचं मशीन तर आमच्या घरचंच हाय. पोरगी आली की बघंल." तिच्या अभ्यासात खोडा नको म्हणून तिला कळवलंही नाही.

बाजरी काढायला आली तेव्हा अंजली आली. आबांनी बाही सारून हात पुढं केला. "घे. किती लागतं? बाटलीभर?"

शेजारचे मोहनराव ओट्यावर होते. "समदं नगं काढू, पोरी. मुळात पावशेरच उरलंय त्यांच्यात."

अंजली त्या हातावरचे डाग बघत राहिली. "आबा, माझं मशीन रक्त बघत नाही. बर्फ बघतं."

"बर्फ?"

"व्हय."

मोहनराव चपला शोधू लागले. ताईबाईंचं सूप हातातच थांबलं.

"मग ते अवरक्त?"

"रक्त म्हणजे तांबडा, आबा. तांबड्याच्या अलीकडचा उजेड, डोळ्याला न दिसणारा."

"आसं व्हय." आबांनी बाही हळूहळू खाली ओढली. "म्या आपलं अर्धंच ऐकलं."

सकाळच्या एस्टीनं ती त्यांना पुण्याला घेऊन निघाली. सणसर मागं पडलं, दोन्ही अंगांनी ऊस उभा होता. आबाच विचारू लागले.

"बर्फात बघण्यासारखं काय असतं गं?"

"गार चकतीवर वाफ गोठवायची, नखाहून पातळ. तिच्यातून तो उजेड सोडायचा. पाण्याचे कण हातात हात धरून थरथरत असतात. थरथरीपुरता उजेड ते पिऊन टाकतात. कुठला उजेड कमी झाला त्यावरून कळतं, कुणी कुणाचा हात घट्ट धरलाय, कुणी सैल."

"आन समद्यांनी घट्ट धरला तर?"

"मग बर्फ. सहा-सहांची कडी करून बसतात."

"आमच्या भावकीपरास बरं म्हण की."

तिला हसू आलं, आणि हसता हसताच कळलं, आबांना बर्फाचं काही पडलेलं नाही. तिनं रडू नये म्हणून ते तिला बोलती ठेवतायत.

"आन तापवला तर?"

"हात सुटत जातात."

आबांच्या ओठाच्या कडेला बारीक तांबडी रेघ आली होती. त्यांनी ती टॉवेलानं टिपली आणि टॉवेल घडी करून मांडीखाली सारला.

"खिडकी लाव, वारं झोंबतंय," ते म्हणाले. "आन सांग की पुढं. पुणं लांब हाय अजून."