दुपारी दोनची कबुली

इस्पितळाच्या चार नंबर वॉर्डात दुपारी दोनला पाळी बदलते. जाणाऱ्या परिचारिका येणाऱ्यांना एकेक पेशंट समजावून देतात. मेट्रनबाईंनी त्यात एक भर घातली होती. सगळ्यांत आधी त्या स्वतःची त्या दिवशीची चूक मोठ्याने सांगत. बाकीच्यांनी वाटलं तर सांगावी. चर्चमध्ये दर रविवारी देवाकडे काही मागण्याआधी गुडघे टेकून चुका कबूल करतात, तिथून ही सवय आलेली. रविवारी खरं आणि सोमवारी गप्प, हे बाईंना जमत नव्हतं.

माझी बायको पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी त्या वॉर्डात आठ दिवस होती. घरी परतली आणि रोज दोन वाजता मला विचारू लागली, "तुमचं काय?" मी म्हटलं, बाई गं, माझा जन्म वर्तमानपत्रात लोकांच्या चुका छापण्यात गेला, स्वतःच्या बघायला सवड कुठे मिळाली?

एका दुपारी बाईंनी सांगितलं, की सात नंबरच्या खाटेवरच्या आजोबांना आपण भलत्याच माणसाची गोळी दिली. मनगटावरची पट्टी वाचली नाही. आजोबांना तासभर गरगरलं, आता ठीक आहेत, त्यांची माफी मागून झाली. नेमके नवे अधीक्षक साहेब दारात उभे होते.

साहेबांनी सगळ्या वॉर्डांच्या चुका नोंदवायच्या वह्या मागवल्या. बाकीच्या कोऱ्या करकरीत, चार नंबरची भरलेली. चुका फक्त चार नंबरातच होतात, हे सिद्ध व्हायला आणखी काय हवं? चौकशी समिती बसली. तीत साहेब, वॉर्डाचे डॉक्टर आणि नागरिकांचा प्रतिनिधी म्हणून मी. डॉक्टर माझे जावई, पण इतक्या बारीकसारीक गोष्टींत समित्या शिरत नाहीत.

कागद तयारच होता. कबुलीचा प्रकार बंद करते असं बाईंनी लिहून द्यायचं, नाहीतर निलंबन. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली.

साहेब सौम्यपणे म्हणाले, की श्रद्धेबद्दल आदर आहेच, पण धर्म माणसाने घरी ठेवावा.

"घरी ठेवला तर पेशंटला त्याचा काय उपयोग, साहेब?" बाईंनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. खरंच विचारत होत्या. "मी गप्प बसले असते, तर आजोबांना कळलं कसं असतं? आणि दुसऱ्या दिवशी पोरींनी पट्टी वाचली असती का?"

त्यांनी कागद सही न करता परत सरकवला. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. माझ्यासारख्याची समितीतली मुख्य कामगिरी ती.

तेवढ्यात जावईबापू उभे राहिले. पगडी उतरवावी तसा त्यांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला.

"त्या सकाळी दोन पेशंटच्या खाटा मी बदलल्या होत्या," ते म्हणाले. "नोंद केली नाही. बाईंना ते नंतर कळलं होतं."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. मग हे सांगितलं का नाही?

"ती माझी चूक नव्हती," बाई म्हणाल्या.

 मी, का कोण जाणे, खुर्ची मागे सारून उभा राहिलो. म्हणालो, या कबुलीवर मी एकदा फर्मास विनोदी लेख लिहिला होता, वॉर्डात एकदाही न जाता.

आता राहिले फक्त साहेब. त्यांनी कागदाची चौपदरी घडी केली, खिशात घातली, आणि दोन वाजायला आले आहेत, बाईंना वॉर्डात जायला हवं, असं सांगून सभा घाईघाईने बरखास्त केली.