फक्कीची रेघ

क्रांतीनं टेपचं टोक गुडघ्याखाली दाबून धरलं आणि सुचिताला ओरडून ताणायला सांगितलं. दोघींच्या मध्ये कबड्डीचं मैदान होतं. दोन्ही संघ बाहेर बसून होते, कारण तालुक्याहून आलेल्या पंच राजनंदिनी मॅडमनी मैदान तिरकं आहे म्हणून सामना थांबवला होता. मैदानावर दिवे नव्हते. ऊन उतरायच्या आत खेळ संपायला हवा होता.

खारघरच्या त्या कोपऱ्यात एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला क्रांतीची सोसायटी, आणि मध्ये गावाचं मैदान. सुचिता गावच्या संघाची कॅप्टन, क्रांती सोसायटीच्या. दर वर्षी मैदान सोसायटीच्या भिंतीला धरून आखायचे. आजही तसंच आखलं होतं.

टेप घ्यायची कल्पना क्रांतीची. देवळाच्या कट्ट्यालगतच्या रेघेवर आठ मीटर मोजायचे, भिंतीकडच्या रेघेवर सहा. कोपरा काटकोनी असेल तर त्या दोन खुणांमधलं अंतर बरोबर दहा भरलं पाहिजे. आठाचा वर्ग चौसष्ट, सहाचा छत्तीस, मिळून शंभर, म्हणजे दहाचा वर्ग. शाळेत तिनं हे घोकलं होतं, पण मातीवर ते खरं ठरतं की नाही, हे कधी पाहिलं नव्हतं.

"किती?"

"साडेनऊच्या जरा वर," सुचिता म्हणाली. "कमी पडतंय गं."

त्यांनी भिंतीकडची फक्कीची पांढरी रेघ पायानं पुसली. सुचितानं सहाची खूण भिंतीकडे थोडी सरकवली. पुन्हा ताणलं, तरी कमीच. पुन्हा सरकवली. बसलेल्या मुली उठून भोवती जमल्या, कुणी फक्कीची बादली धरली, कुणी दोरी. टेपवर दहाचा आकडा नेमका खुणेवर आला, तेव्हा क्रांतीच्या अंगावर शहारा आला. एवढ्या दगडधोंड्यांच्या जमिनीवर शंभराचा हिशेब जुळला होता. ती आणि सुचिता एकमेकींच्या हातावर टाळी देऊन हसत सुटल्या. सामन्यात त्या एकमेकींविरुद्ध आहेत, हे तेवढ्यापुरतं दोघीही विसरल्या.

पण ती रेघ पुढं वाढवली तर थेट भिंतीत जात होती. म्हणून सगळं मैदान मोकळ्या अंगाला सरकवून आखलं. राजनंदिनी मॅडमनी दुसरा कोपराही तसाच मोजून घेतला आणि मान डोलावली.

तेव्हा सगळ्यांना दिसलं. पांढरी रेघ आणि भिंत यांच्यामध्ये कट्ट्याकडे रिक्षा उभी राहील एवढी जागा होती. दुसऱ्या टोकाला जेमतेम एक माणूस मावला असता.

सुचिताचे आजोबा कमळाकर कट्ट्यावरून उठले. हा कट्टा त्यांच्या वडिलांच्या वेळचा, मैदानाच्या हद्दीला धरून बांधलेला. बिल्डरनं भिंत मैदानात घेतली, गावाची जागा गेली, हे ते कितीतरी वर्षं सांगत होते. मागच्या महिन्यात सोसायटीच्या मीटिंगलाही येऊन गेले होते. सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रशेखर, म्हणजे क्रांतीचे पप्पा, यांनी त्यांना चहा दिला होता आणि नजरेला तसं वाटतं, असं समजावून परत पाठवलं होतं.

 आता आजोबा नातीकडे बघून एवढंच बोलले, "भित तिरपी हाय."

क्रांतीनं खुर्च्यांकडे पाहिलं. पहिल्या रांगेत पप्पा बसले होते. आपण काय आखून ठेवलं, हे तिला त्या क्षणी कळलं. पण शिट्टी वाजली होती.

सामना रंगला. गुण बरोबरीत चालले होते. शेवटच्या चढाईला क्रांती उतरली. दम धरून आत घुसली, सुचिताच्या हाताखालून निसटली, एकीला शिवली आणि मध्यरेषेवर अंग झोकून दिलं. मैदान दणाणलं. मैत्रिणींनी तिला उचलून घेतलं. त्यांच्या खांद्यांवरून तिनं पहिल्या रांगेत पाहिलं, तर पप्पांची खुर्ची रिकामी होती.

ते भिंतीलगत होते. रुंद टोकाकडून चालत निघालेले, रेघेवर पाय न देता पुढे पुढे अंग चोरत, निमुळत्या टोकापर्यंत गेलेले. तिथून ते बाहेर आले आणि मैदानाला वळसा घालून कमळाकरांसमोर जाऊन उभे राहिले. त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या खांद्याला भिंतीचा पिवळा रंग लागला होता. तो त्यांनी झटकला नाही.