आठ वाजता फोन करा

आठला पाच कमी असताना मोठ्या बाईंनी चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली आणि त्या आत निघून गेल्या. चिठ्ठीवर रोज एकच आकडा असतो. निवाऱ्यात आज किती खाटा रिकाम्या झाल्या, तो. कधी तीन असतात, कधी पाच. आज एक होता.

मी रजिस्टर उघडलं, तारीख घातली आणि पहिल्या ओळीवर माझं स्वतःचं नाव लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच गोल आलं. मग रजिस्टर मिटून मी घड्याळाकडे बघत बसले.

चौदा वर्षं मी इथे फोन उचलते. घर सुटलेल्या बायका आणि त्यांची मुलं यांच्यासाठी ही जागा आहे. एकदा खाट मिळाली की महिनाभर ती तिची. पण मिळायची ती फोनवरच, सकाळी आठला. फोन ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने मी नावं लिहिते आणि आकडा संपला की म्हणते, "आज जागा नाही. उद्या आठ वाजता फोन करा." कालचा नंबर आज चालत नाही. पूर्वी यादी असायची, पण नंबर लागेपर्यंत यादीतल्या बायका कुठल्या कुठे गेलेल्या असायच्या. म्हणून ती बंद केली. आता रोज सगळ्यांची सुरुवात पहिल्यापासून.

हे काम मला मिळालं ते आवाजामुळे. रंगरूप देताना देवाने हात आखडता घेतला, त्याची भरपाई इथे केली, असं माझी आई म्हणायची. मोठ्या बाई म्हणतात, तुम्ही नाही म्हटलंत तरी बायकांना धीर येतो. मला याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू, चांगलाच होता.

बायका फोनवर रडतात, हुज्जत घालतात. एकीने मला पोटभर शिव्याशाप दिले, दुसऱ्या दिवशी फोन करून माफी मागितली आणि जागा नाही म्हटल्यावर पुन्हा तेच शाप दिले. मी कुणाचंच मनाला लावून घेत नाही. पण गेले अकरा दिवस एक बाई फोन करत होती, तिचं मात्र लागायचं. ती कधी वाद घालायची नाही. जागा नाही म्हटलं की म्हणायची, "बरं ताई. उद्या करते." मी मनातल्या मनात तिचं नाव बरंताई ठेवलं होतं. पाच वर्षांची मुलगी बरोबर होती. कामावरून घरी आली तर दाराला नवं कुलूप होतं आणि मुलगी पायरीवर बसली होती, एवढंच तिने एकदा सांगितलं होतं. स्वतःचा फोन नव्हता. कुणाकुणाचा मागून करायची, त्यामुळे नंबर रोज वेगळा यायचा.

माझ्या दाराला कुणी कुलूप लावलं नाही. माझं सगळं गोडीगुलाबीने झालं. मी धाकट्या भावाच्या घरी मागच्या खोलीत राहायचे. भाऊ गेला आणि वर्षाच्या आत भाच्याने घर विकलं. चांगला मुलगा आहे, माझ्याच अंगाखांद्यावर खेळलेला. म्हणाला, "आत्या, तुझी काय काळजी? शेकडो बायकांची सोय तूच तर लावतेस." त्याला ते खरंच वाटत होतं. मीही हसले. साठीला आलेल्या एकट्या बाईला कुणी खोली देत नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं नाही, पण ते दुसऱ्या बायकांच्या बाबतीत माहीत होतं.

नऊ दिवस मी मोठ्या इस्पितळाच्या नातेवाइकांच्या हॉलमध्ये काढले. ते शहाणपण मला फोनवरच मिळालेलं. चौदा वर्षं बायका सांगत आल्या होत्या, स्टँडवर बसू नका, इस्पितळात बसा, हातात थर्मास ठेवा म्हणजे कुणी उठवत नाही. मी थर्मास घेऊन बसायचे. शेजारच्या बाईने विचारलं, तुमचं कोण आहे, तर सांगायचे, बहीण आहे, दुसऱ्या मजल्यावर. रोज त्या नसलेल्या बहिणीची तब्येत मी थोडी थोडी सुधारत नेली. नवव्या दिवशी पाय इतके सुजले की चपलेत जाईनात आणि पट्टा सोडूनच मी कामावर आले.

त्याच दिवशी, म्हणजे काल, मोठ्या बाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"तुम्ही? अहो पण तुमचं घर आहे ना?"

"होतं."

त्यांनी चष्मा पदराने पुसला. मग म्हणाल्या, "तुम्हाला मी नाही कशी म्हणू? पण फोनशिवाय खाट दिली तर उद्या सगळ्या मला विचारतील. आठला फोन लागला पाहिजे, एवढंच."

"बाई, आठला फोन मीच उचलते."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मग तुमचं तुम्ही बघा," म्हणाल्या.

ते मी आज सकाळी बघितलं होतं, पहिल्या ओळीवर.

आठचा ठोका पडला आणि फोन वाजला. रिंग पुरी व्हायच्या आत मी उचलला.

"ताई, मीच. आज पहिला लागला ना माझा? आठ वाजायची वाटच बघत होते." बरंताई होती. आवाजात हसू होतं, बारा दिवसांत पहिल्यांदाच. मुलीला कालपासून ताप आहे, तेवढं लिहून ठेवाल का, म्हणजे तिला खिडकीपासून लांबची खाट मिळेल, असंही ती म्हणाली.

माझ्यासमोर पेन होतं. एक नाव खोडायला किती वेळ लागतो? पण माझे पाय टेबलाखाली ठणकत होते आणि खोडलं तर आज संध्याकाळी पुन्हा त्याच हॉलमध्ये जायचं होतं.

"आज जागा नाही," मी म्हणाले. "उद्या आठ वाजता फोन करा."

मग ती म्हणाली, "बरं ताई. उद्या करते."

त्यानंतरच्या सगळ्यांना मी तेच सांगितलं. आवाज कुठेही अडकला नाही.

काम संपल्यावर मी माझी पिशवी घेऊन आतल्या दालनात गेले. चौदा वर्षांत तिथे मी कधी निजले नव्हते, बसलेसुद्धा नव्हते. सतरा नंबरची खाट, स्वच्छ चादर, घडी केलेलं पांघरूण. पाय वर घेतले आणि डोळ्यांत पाणीच आलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईने न विचारता माझ्या पायांखाली तिची उशी सरकवली.

सात वाजता मोठ्या बाई आल्या. फाटकावर एक बाई मुलीला घेऊन उभी आहे, चौकीदार सांगून सांगून कंटाळला, तुम्ही जरा सांगता का, तुमचं ऐकेल ती, असं म्हणाल्या. मी उठले. चप्पल पायात जाईना, तशीच अनवाणी गेले.

फाटकापलीकडे एक बारकीशी बाई उभी होती. खांद्यावर मुलगी झोपलेली, तिचे पाय आईच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. मी नेहमीचंच वाक्य म्हटलं. तिने मान वर केली आणि तिचा चेहरा उजळला.

"अगं बाई, तुम्हीच ना फोनवरच्या ताई? आवाजावरून ओळखलं मी."

मी मान हलवली.

"रोज हिला सांगते, आज ताईंशी बोलले. दिवसभरात नीट बोलणारं तेवढंच माणूस." मग तिने विचारलं, "ताई, रागावू नका. आज जागा होती असं इथल्या बायका म्हणाल्या. माझ्या आधी कुणाचा लागला होता का फोन?"

मला खोटं बोलता आलं असतं. "एका बाईचं नाव आधीच लिहिलं होतं," मी म्हणाले.

"लेकुरवाळी असेल."

"नाही. एकटीच आहे. वय झालंय."

तिने मुलीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. तिची नजर माझ्या अनवाणी, सुजलेल्या पायांवर गेली आणि तिथेच थोडा वेळ राहिली. तिला कळलं. मला ते दिसलं, आणि मी पाय मागे घेतले.

"बरं ताई," ती म्हणाली. "मग तिलाही गरज असेलच."

ती रस्त्याच्या कडेने निघाली. हाक मारावी असं मनात आलं, पण तिचं नाव मला ठाऊक नव्हतं. मी तिला कधी विचारलंच नव्हतं. बरंताई अशी हाक कशी मारणार होते? ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी फाटक धरून उभी राहिले आणि मग आत येऊन जेवणाच्या रांगेत उभी राहिले. जेवले. झोपलेही. याची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठीवर दोन होते, सतरा नंबरच्या शेजारचीही त्यात होती. तिथल्या बाईचा महिना संपला होता. पहिला फोन दुसऱ्याच कुणाचा होता, तिला जागा दिली. मग दुसरी ओळ कोरी ठेवून मी वाट बघत बसले. फोन येत राहिले. प्रत्येक वेळी रिसीव्हर उचलला की दुसराच आवाज यायचा आणि मी म्हणायचे, आज जागा नाही. खाट असताना सलग दुसऱ्या दिवशी मी हे म्हणत होते.

अकरा वाजता न राहवून काल बरंताईचा फोन आला होता तो नंबर लावला. कुणी दुकानदार होता. "इथून बऱ्याच जणी करतात हो," तो म्हणाला. "लहान मुलगी बरोबर होती तीच ना? आज नाही आली." मग आपणहून म्हणाला, "काल पोरगी फार कण्हत होती." कुठे राहते ते त्याला माहीत नव्हतं.

संध्याकाळी मी शेजारच्या खाटेची चादर स्वतः घातली, कोपरे ताणून. खिडकीपासून ती लांबच होती. एक मोठी उशी ठेवली आणि मुलांच्या खोलीतून एक छोटी आणून तिच्याशेजारी ठेवली.

सातला मोठ्या बाई फेरीवर आल्या आणि तिथे थांबल्या. चौदा वर्षांत माझ्या रजिस्टरमधली ओळ कधी कोरी राहिली नव्हती.

"ही का रिकामी?"

"फोन येणार आहे, बाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या दोन उशांकडे. फाटकावर एक म्हातारी उभी आहे, एकटीच आहे, फोन केला नसला तरी खाट रिकामी असताना तिला किती वेळ उभं ठेवायचं, असं त्यांनी हळूच विचारलं.

"बरं बाई," मी म्हणाले, आणि छोटी उशी उचलून घेतली.