पुसलेली नळी

दिव्यांचे मोठे काचेचे गोल एका माणसाच्या दमात होत नाहीत. लोखंडी नळीच्या टोकावर भट्टीतली लालभडक काच उचलायची, पहिला दम थोरल्याने भरायचा, नळीचं तोंड अंगठ्याने दाबून धरायचं आणि ती तशीच धाकट्याच्या हातात द्यायची. दुसरा दम त्याचा. मधे नळी पुसायची नाही, हा बापाचा नियम, कारण पुसण्यात वेळ गेला की काच लोंबते. बाप गेला, नियम राहिला. दोघे भाऊ वर्षानुवर्षं एकाच नळीला तोंड लावत आले होते आणि त्यात काही वावगं आहे असं त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

धाकटा बोलघेवडा. मानेत गाठ आली तेव्हा म्हणाला, फुंकून फुंकून गालातली हवा खाली उतरली असेल. गाठ काही जाईना. तपासण्या झाल्या आणि कॅन्सर निघाला, पांढऱ्या पेशींचा.

डॉक्टरीणबाईंनी थोरल्याला समोर बसवून नीट समजावलं. एक अगदी सर्रास आढळणारा विषाणू आहे, नागिणीच्या विषाणूच्या गोतातला. थुंकीतून येतो, घशात शिरतो आणि पांढऱ्या पेशींच्या एका जातीत ठाण मांडून बसतो. पेशीला मारत नाही. उलट तिला वाढत राहायला लावतो, मरू देत नाही. शरीराचा पहारा त्याला दाबून ठेवतो, म्हणून बहुतेक सगळी माणसं त्याला जन्मभर बाळगतात आणि त्यांना पत्ताही नसतो. क्वचित एखाद्याच्या पेशींत आणखी बिघाड साठतात, पहारा कमी पडतो आणि मग हे असं होतं. धाकट्याच्या गाठीत तो सापडला होता. कुणाकडून आला हे सांगता येत नाही, बहुधा लहानपणीच आला असेल, असंही बाई म्हणाल्या. पण थोरल्याचे कान थुंकीपाशीच अडकले होते. पुढचं सगळं वाऱ्यावर गेलं.

धाकट्याच्या तोंडाला पहिल्यांदा नळी लावली ती त्यानेच, धाकट्याचे दुधाचे दातही पडले नव्हते तेव्हा. झालं, मीच दिला, असं त्याने मनाशी पक्कं केलं आणि ते त्याला आतून कुरतडू लागलं. बोलला मात्र कुणाशी नाही. या माणसाच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे गार झालेली काच वाकवणं.

धाकट्याचे औषधोपचार संपले, त्यात डोक्यावरचे केस गेले, डॉक्टरांनी थोडंफार काम करायला मोकळीक दिली. धाकटा आल्या आल्या म्हणाला, माझ्या टकलावर भट्टीचा उजेड पडू दे, एक दिवा वाचेल. थोरल्याने पहिला दम भरला आणि नळी पुढे करण्याआधी खिशातून फडकं काढून तिचं तोंड खसाखसा पुसलं. समाधान होईना म्हणून पुन्हा पुसलं. तेवढ्यात काच लोंबली आणि जमिनीवर पडली.

धाकट्याने फडक्याकडे पाहिलं, मग भावाकडे. दमलोय म्हणून घरी गेला तो परत आलाच नाही. थोरल्याला खरं तर बरंच वाटलं. नळीपासून लांब आहे तेवढं चांगलं, असं म्हणून तो लहान गोल एकट्यानेच करत राहिला.

पुढे आजार उलटला. या खेपेला डॉक्टरांनी आशा दाखवली नाही. दवाखान्याच्या जिन्यात भावजयीने थोरल्याला गाठलं.

"भाऊजी, त्या दिवशी तुम्ही नळी पुसलीत ते यांच्या मनाला फार लागलंय. दादाला माझी किळस आली, असं म्हणतात."

 थोरला तसाच वर आला आणि धाकट्याच्या खाटेशेजारी बसला. थोरल्याच्या तोंडाला मास्क लावलेला, त्यामुळे बोलणं आणखीच अवघड.

"किळस तुझी नव्हती रे. माझ्या थुंकीतून तुला हे लागलं असं मी धरून बसलो होतो. मी माझीच थुंकी पुसत होतो."

धाकट्याने मान त्याच्याकडे वळवली.

"बाईंनी मलाही सांगितलंय सगळं. तो अख्ख्या जगाला असतो. आईने चाखून भरवलेल्या घासातूनही आला असेल." मग जरा थांबून, श्वास गोळा करून तो म्हणाला, "तेव्हाच सांगायचं होतंस, दादा. तेव्हा मला फुंकता येत होतं."

 धाकट्याचा दम तेवढ्या बोलण्यानेच संपला होता.