लक्ष्याची मान आणि माझा कणा

मी एक जुनी चिकू तोडायची काठी आहे, आणि मोडलेली आहे. हळहळू नका मित्रांनो, तुमच्या हळहळीने काही जुळत नाही. ऐकायचं असेल तर नीट ऐका.

२०१४ च्या हिवाळ्यात मला डोंगरातून तोडून आणलं. दोन पुरुष उंचीचा बांबू, टोकाला कडी आणि कडीला जाळी. डहाणूच्या एका वाडीत मी लक्ष्याच्या हाती आले. तयार झालेला चिकू तो खालूनच ओळखायचा. मालक म्हणायचा, "लक्ष्याच्या काठीचा चिकू कधी डागी निघत नाही." तेवढंच काय ते माझ्या वाट्याचं कौतुक.

पण काम कसलं, शिक्षाच ती! सकाळपासून मान मागे टाकून वर बघायचं, दोन्ही हात डोक्याच्या वर, त्यात माझं वजन. तिसऱ्या वर्षी लक्ष्याचं डोकं दुखू लागलं. मानेच्या मागून कळ निघायची आणि डोळ्यापाशी जाऊन ठाण मांडायची. गड्याने काय करावं? अच्छाडच्या नाक्यावरून टपरीवरचा वर-खाली दोन भिंगांचा चष्मा आणला. जोर खालच्या भिंगात आहे म्हणे, म्हणून त्यातूनच वर बघायला मान आणखी मागे! असल्या अकलेला काय म्हणावं?

चष्म्याने भागेना, तेव्हा खापर बायकोवर, गंगीवर फुटलं. "तुझ्या सुक्या बोंबलाच्या वासानेच माझं डोकं उठतं!" असं म्हणून त्याने तवा बोंबलांसकट अंगणात भिरकावला. मी कुडाला टेकून बघत होते.

"खाताना बरं नाही डोकं उठत तुझं!" गंगी म्हणाली.

पण रोज रोज किती ऐकणार? बांगड्या वाजल्या तरी तो खेकसायचा. २०१७ च्या उन्हाळ्यात तिने गाठोडं बांधलं आणि उधव्याला माहेरी निघून गेली. मला लक्ष्याचा असा संताप आला! हात असते तर दोन ठेवून दिल्या असत्या.

महिन्याभराने वाडीत तपासणीचं शिबिर लागलं. व्यायामाच्या डॉक्टर सरिताताई आल्या होत्या. त्यांनी रक्तदाब पाहिला, डोळे पाहिले. मग म्हणाल्या, "काम कसं करतोस ते दाखव." लक्ष्याने मला उचललं. त्यांनी त्याचा खांदा अंगठ्याने दाबला मात्र, तो कळवळला.

"बाई, दाबताय खांदा आणि दुखतंय डोळ्यामागे!"

"मानेचे आणि पाठीचे स्नायू आखडलेत. तिथलं दुखणं डोक्यात चढतं. मध्ये मध्ये थांब, मान खाली घे, खांदे सैल सोड, गरम फडक्याने शेक."

"म्हणजे... वासाने नाही?"

"कसल्या वासाने?"

लक्ष्याचं तोंड एवढंसं झालं.

घरी जायचाही त्याला धीर नव्हता. मला जीपच्या टपावर बांधून तो थेट उधव्याला गेला. अंगणात गंगीचा भाऊ काकड्या उभा होता.

"बहिणीला मारायला काठी घेऊन आलास?"

"अरे, कामावरून आलोय, चिकूची काठी आहे ती!"

पण ऐकतो कोण? काकड्याने मला हिसकावलं आणि गुडघ्यावर कडाडकन मोडलं. चिकू तोडणाऱ्याने डोकं चालवलं नाही, काठी मोडणाऱ्यानेही नाही.

आवाजाने गंगी बाहेर आली. मान, खांदा, अंगठा, सगळं तिने ऐकून घेतलं.

"मान आखडली होती ना? मग जीभ कशी एवढी सुटली होती?"

"चुकलंच माझं. चल ना घरी," लक्ष्या म्हणाला.

"आज नाही येत. डोकं दुखेल त्या दिवशी ये. तेव्हा कसा बोलतोस ते बघते."

नवव्या दिवशी तो आला. भुवया आवळलेल्या, मानेला फडकं. अंगणात पोरं कालवा करत होती, शेजारीण भांडी आपटत होती. तो कुडाला पाठ लावून बसला. दुपार सरली, पण तोंडातून एक शब्द वाकडा निघाला नाही. शेवटी गंगीने त्याचं फडकं चुलीपाशी गरम केलं आणि मानेवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती त्याच्याबरोबर गेली.

आज २०१९ आहे. मी इथेच, काकड्याच्या परसात वालाच्या वेलाला टेकू देऊन उभी आहे. तेव्हा मित्रांनो, डोकं दुखलं तर आधी आपली मान चाचपा, घरच्या माणसाचा गुन्हा नंतर शोधा. त्या दोघांचं जुळलं, बरं झालं. मला मात्र कोणी जोडलं नाही, आणि काकड्याने अजून माफी मागितलेली नाही.