जुनालिन मला हरवेना

"जे द्यायचं ते क्लबच्या टेबलावर ठेव. एकट्या पोरीच्या हातात देऊ नकोस."

मानांग कोर्सिंगनी हे मला पहिल्याच शनिवारी बजावलं होतं. मानांग म्हणजे वयाने मोठी, मानाची बाई. त्या निवृत्त शिक्षिका. आमच्या बारांगायच्या, म्हणजे वस्तीच्या, सभागृहाच्या व्हरांड्यात बारा वर्षं मुलांचा बुद्धिबळ क्लब चालवताहेत. प्रत्येक मुलामागे शिकवायला एक मोठं माणूस नेमतात. मी दुमागेतेला कॉलेजच्या संघातून खेळले होते, म्हणून माझ्या वाट्याला चौदा वर्षांची जुनालिन आली.

पुढे घड्याळाची गोष्ट निघाली तेव्हा मी हसून म्हटलं, "मानांग, घड्याळ देतेय मी तिला, घर नाही."

"घर परवडलं," त्या म्हणाल्या. "घरात माणूस पाय पसरून बसतं तरी."

मी ऐकलं नाही. जुनालिन शेजाऱ्याच्या मोबाइलवर वेळ लावून सराव करायची, ते मला बघवत नव्हतं. कॉलेजात मला बक्षीस मिळालेलं बुद्धिबळाचं घड्याळ मी रंगीत कागदात गुंडाळलं आणि तिच्या घरी नेऊन दिलं. आमच्याकडे देणाऱ्यासमोर भेट उघडत नाहीत, हावरटपणा दिसतो. तिने पुडकं छातीशी धरलं, "थँक यू, आते," म्हणाली आणि आत पळाली. आते म्हणजे ताई. तिची आई नांग बेर्ता, बाजारात मासळी विकते, ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. मला वाटलं, आनंद झालाय.

तिसऱ्या दिवसापासून माझ्या फाटकाला पिशव्या लटकायला लागल्या. शेवग्याचा पाला, अंगावर पाजणाऱ्या बाईला चांगला म्हणून. ताजे बांगडे. केळीच्या पानात उकडलेला गोड भात. मग जुनालिनच यायला लागली. माझा इको तेव्हा आठ महिन्यांचा, दात येत होते, नवरा जहाजावर नोकरीला. बाळ शिंकलं तरी थर्मामीटर शोधणारी मी.

"आते, तुम्ही जेवून घ्या. मी धरते बाळाला."

ती इकोला कडेवर घेऊन अंगणात फेऱ्या मारायची आणि मी, खरं सांगते, गरम जेवण जेवायचे. आठ महिन्यांत पहिल्यांदाच. जाताना ती भांडीही घासून टाकायची. 'राहू दे गं' असं मी म्हणायचे, पण बसल्या जागेवरून.

आणि मी जिंकायला लागले.

आधी दहातले सात डाव ती घ्यायची. आता एकही नाही. मी नवऱ्याला फोनवर सांगितलंसुद्धा, "बाळंतपणानंतर डोकं तल्लख झालंय माझं."

"हो का? मग किल्ली कुठे ठेवलीस ते आठवलं का?"

किल्ली सापडली नव्हती. तरी मला शंका आली नाही.

क्लबची एक रीत आहे. सेबू शहरातल्या स्पर्धेला जायचं, तर मुलाने आधी आपल्या शिकवणाऱ्याला सगळ्यांसमोर हरवायचं. शिकवणाऱ्याने सूट द्यायची नाही. तीन शनिवार, तीन संधी. पहिल्या दोन्ही वेळा जुनालिन हरली, आणि दुसऱ्या वेळी का हरली ते मी पाहिलं. माझा राजा कोपऱ्यात अडकला होता, तिचा घोडा एका उडीवर होता. तिची नजर त्या घरावर गेली, थांबली. मग माझ्या चेहऱ्याकडे आली. आणि तिने कडेचं एक प्यादं उगाच पुढे सरकवलं.

झोपलेल्या बाळाचा श्वास मोजत बसणाऱ्या बाईला एवढं दिसतंच.

रविवारी सकाळी मी इकोला घेऊन थेट मासळीबाजारात गेले. जुनालिन आईशेजारी बसून खवले काढत होती.

"घोडा का नाही हलवलास?"

सुरी थांबली. "दिसला नाही, आते."

"मला दिसला आणि तुला नाही?"

नांग बेर्ता मध्ये पडली. "दिसला असेल हो, मॅम. पण तुमच्याकडून एवढी मोठी वस्तू घ्यायची आणि चारचौघांत तुम्हालाच पाडायचं? उद्या ह्याच बाजारात लोक मला विचारतील, पोरीला लाजलज्जा शिकवलीस का नाही."

"अगं जुनालिन, पण त्या घड्याळावर सराव तरी करतेस ना?"

"कागदातच आहे," जुनालिन म्हणाली. "खराब व्हायला नको."

"पुढच्या वर्षी तू ह्या वयोगटात बसणार नाहीस. शेवटच्या शनिवारीही हरलीस तर सेबू गेलं."

"माहितीये," असं म्हणून ती पुन्हा खवले काढायला लागली.

तिथेच माशांच्या पाण्यात उभी राहून मला कळलं, की मी पोरीला घड्याळ दिलं नव्हतं, तिला मिंधं केलं होतं. आणि वर तिच्याकडून भांडी घासून घेतली होती. घड्याळ परत मागणं म्हणजे थोबाडीत मारणं. मग काय करायचं?

मी मानांग कोर्सिंगकडे गेले. "म्हणा, 'सांगितलं होतं' म्हणून."

"मी कशाला म्हणू? तुझ्या तोंडावर लिहिलंय."

मी काय ठरवलंय ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "सगळ्यांसमोर? लाज वाटेल तुला."

"मला वाटू दे. तिला नको."

शेवटच्या शनिवारी व्हरांडा भरला होता. मुलं, त्यांच्या आया, बाहेर रिक्षावाले. जुनालिनला मी ते पुडकं घेऊन यायला सांगितलं होतं. इकोला कडेवर घेऊन मी उभी राहिले.

"मुलांनो, मी क्लबचा नियम मोडला. एकटीलाच भेट दिली, तीही लपून. वर तिच्याकडून बाळ सांभाळून घेतलं. तिची ह्यात काही चूक नाही, माझी आहे. आजपासून हे घड्याळ ह्या टेबलावर राहील, सगळे वापरतील. जुनालिन, कागद तू फाड."

मागून कोणीतरी "हाला!" म्हणालं, म्हणजे आमचं 'अगं बाई!' जुनालिनने आईकडे पाहिलं. नांग बेर्ताने मान हलवली. पोरीने आधी चिकटपट्टी नखाने सोडवायचा प्रयत्न केला, मग एका झटक्यात टरकन कागद फाडला.

डाव सुरू झाला. मी सूट दिली नाही, देवाशपथ. विसाव्या चालीला इको रडायला लागला आणि जुनालिन सवयीने अर्धी उठली, हात पुढे करून.

"खाली बस, इंदाय," मानांग म्हणाल्या. इंदाय म्हणजे पोरी. "त्याला आई आहे."

मी त्याला मांडीवर घेतलं. तिने गमावलेलं एक प्यादं तो चोखत बसला. पुन्हा माझा राजा कोपऱ्यात. पुन्हा तिची नजर त्या घरावर, आणि मग माझ्या चेहऱ्यावर.

"माझ्याकडे काय बघतेस? पटावर बघ. माझ्या तोंडावर काय आहे, बाळाची लाळ?"

लोक हसले. तीही हसली, त्या पटासमोर दोन महिन्यांत पहिल्यांदा. आणि तिने आपला वजीर सरळ माझ्या हत्तीसमोर ठेवला. घ्यावाच लागला. तिच्या घोड्याने उडी मारली, शह. मागून तिचा हत्ती आला. घड्याळाचं बटण तिने एवढ्या जोरात दाबलं की पटावरची प्यादी हलली.

"मात, आते!"

व्हरांडा नुसता फुटला. नांग बेर्ताने मला मासळीच्या वासासकट मिठी मारली. "बरं पाडलं तुम्हाला!" सगळ्यात मोठ्याने मीच ओरडले असणार, कारण इको घाबरून पुन्हा रडायला लागला.

सेबूला तिने सातातले पाच डाव जिंकले. तिसरा क्रमांक. पदक क्लबच्या भिंतीवर खिळ्याला लटकतंय. पण माझ्यासाठी मोठी गोष्ट त्यानंतरच्या शनिवारी झाली. हातात डबा, कडेवर बाळ, माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "जुनालिन, जरा धरतेस का गं ह्याला?"

तिने पटावरून मान वर केली नाही. "नाही, आते. माझी वेळ चालू आहे."

मी उभ्या उभ्या एका हाताने गार भात जेवले. इतका गोड भात त्या वर्षात लागला नव्हता.

तुम्हीही कुणा पोराला काही दिलं असेल. बूट, सायकल, शाळेचं दप्तर. आज एकदा त्याच्याकडे जाऊन या. हात रिकामे ठेवा. काहीतरी साधंसं मागा, आणि त्याला तुम्हाला 'नाही' म्हणता येतं का, तेवढं बघून या.